उन्हातली लाट

आमचे सासरे उमरेडचे विणकर. हयातभर त्यांनी लुगड्यांना लहरीचा काठ विणला. तो नमुना त्यांना वडिलांकडून आलेला होता. समुद्र मात्र त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी कधी पाहिलेला नव्हता. काचबिंदूने दृष्टी जाऊ लागली आणि गेलेली परत येणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली. लाट खरोखर तशी असते काय, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. भर उन्हात, जवळचे तेवढेच त्यांना दिसत असे.

माझा धाकटा साडू सीताबर्डीवर मोटारी दुरुस्त करी. त्याने डिस्पोजलच्या लिलावातली जुनी लष्करी रुग्णवाहिका घेऊन तिचे फिरते घर केले होते. आत निजायला दोन फळ्या, एक स्टोव्ह, पाण्याचा डबा आणि खिडक्यांना पडदे. नागपूर नुकतेच मुंबई राज्यात गेले होते. "आता समुद्र आपलाच हाये," असे म्हणून त्याने कोकणात जाण्याचा बेत जाहीर केला.

मी सरकारमान्य अर्जनवीस. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. परंतु माझ्या मसुद्यात वकिलांनाही शब्द बदलावा लागत नसे. कचेरीसमोरच्या लिंबाखाली बावीस वर्षे बसल्यावर मला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. जावयाला सासऱ्याची एकाएकी सेवा करावीशी वाटली, की त्यामागे कुठेतरी कागद असतो. उमरेडचे राहते घर आणि चार माग सासऱ्यांच्या नावे होते, आणि त्यांना मुलगा नव्हता. सबब मीही सोबत निघालो.

अकोल्याच्या पुढे गाडीची हत्यारे काढताना चालकाच्या बैठकीखालच्या पेटीत मेणकापडाची एक गुंडाळी दिसली. तिच्या तोंडाशी स्टँपपेपरची किनार होती. ती मी दहा हातांवरून ओळखतो. कोऱ्या कागदावर आधी अंगठा घ्यायचा आणि मजकूर मागाहून भरायचा, हा प्रकार माझ्या टेबलापुढे अनेकदा उघडकीस आला होता. त्या दिवसापासून मी सासऱ्यांना साडूपाशी एकटे सोडले नाही. अंगठ्याची शाई दोन दिवस तरी जात नाही. म्हणून रोज सकाळी त्यांचा हात धुऊन देण्याच्या निमित्ताने मी डावा अंगठा पाहून घेई.

साडूच्या ते ध्यानात आले. "साडभाऊ, मामाजीच्या अंगठ्याले सोनं लागलं हाये का? रोज पाहून राहिले," असे तो म्हणाला. सासरे हसले. मी हसलो नाही.

घाट उतरून, दोन खाड्या तरीवरून ओलांडून आम्ही एका भूशिरावर आलो. तीन बाजूंना समुद्र आणि जाण्यायेण्यास एकच चिंचोळी वाट. तांबडा कातळ, उंडीची झाडे, वळणावळणाला खाली निळे पाणी. देखावा अप्रतिम होता, हे मी नाकारीत नाही; पण माणसाला आडबाजूला नेऊन कागद करून घेण्यास त्याहून सोयीची जागा मी पाहिलेली नव्हती. सासऱ्यांना गाडीतून फक्त चकाकी कळत होती. ते पुनःपुन्हा जवळ नेण्यास सांगत होते.

टोक अर्ध्या कोसावर असताना मागचे चाक वाळूत रुतले. बैल लावल्यावाचून गाडी निघणार नव्हती.

"साडभाऊ, तुमी गावात जाऊन बैल आना," साडू म्हणाला. "मी मामाजीले हात धरून टोकावर नेतो. उन्ह हाये तवरच त्याईले दिसन."

मला जी शंका होती तिची आता खात्री झाली. मी साफ नकार दिला आणि त्यालाच गावात जाण्यास सांगितले.  मग मामाजींना तुम्हीच पुढे न्या, एवढे सांगून तो गेला.

त्यांना नेणे तेव्हा माझ्या हाती होते. पण पेटी गाडीत होती आणि गाडीपाशी कोणी नव्हते. सासऱ्यांना मी सुरूच्या सावलीत बसवले. समुद्र किती लांब आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, हा काय, इथेच.

पेटीचे कुलूप उघडण्यात बराच वेळ गेला. कागद कोरा होता, अंगठाही नव्हता. मी तो उलटून स्टँपविक्रेत्याचा शेरा वाचला. खरेदीदार म्हणून सासऱ्यांचेच नाव होते आणि कारणाच्या जागी बक्षीसपत्र. कोणास, ते लिहिलेले नव्हते. दुसऱ्याच्या नावाने कागद कोणीही आणू शकतो, म्हणून मी शेऱ्यातले अक्षर न् अक्षर पुन्हा तपासत बसलो.

तेवढ्यात सासऱ्यांनी हाक मारली. "जावईबापू, उन्ह गेलं का जी?"

मी वर पाहिले. पश्चिमेकडून ढग चढून आले होते.

बैल आले, गाडी निघाली, आम्ही टोकावर पोचलो. साडूने त्यांना पाण्यात घोट्यापर्यंत उभे केले. सासरे मान इकडून तिकडे फिरवीत होते. त्यांना करड्या उजेडापलीकडे काही दिसत नव्हते. पाणी पायांवरून परत गेले की ते वाकून हाताने त्याचा माग घेत. शेवटी ते म्हणाले, "आमच्या काठातली लाट दोनी बाजूनं सारखी हाये. ही एकीकडंच पडते, नाही का?"

साडूने होय म्हटले. 

परतीच्या वाटेवर त्यांनी मला विचारले, "आधी चालत आलो असतो, तर दिसली असती का?"

"नाही," मी म्हणालो. "ढग आधीच आले होते."

साडू गाडी चालवीत होता. गावातून येताना कातळावर ऊन किती वेळ होते हे त्याने पाहिले होते, आणि पेटीचे कुलूप उलटे बसलेलेही त्याला दिसले असावे.  सासऱ्यांनी तो कागद कधी मागितला नाही आणि दिवाळीनंतर त्यांना स्वतःचा हातही दिसेना. साडू त्या दिवशी गप्प का राहिला, याचा संशय मला अद्याप आहे.