विकणाऱ्याचं दावं

माझ्या माहेरी जनावर विकत आणायला जायचं तर घरून नवं दावं घेऊन जायचे. विकणाऱ्याने गळ्यातलं जुनं दावं सोडून स्वतःकडे ठेवायचं, आपण आपलं बांधायचं आणि निघायचं. जनावर आपलं, दावं त्याचं. परक्याचं दावं घरात आलं तर जनावराचा ओढा जुन्या गोठ्याकडेच राहतो, असं वडील म्हणायचे. कर्जतच्या बाजूला ज्यांच्याकडे अजून शेत आणि गोठा आहे ते हे आजही पाळतात. बाकीच्यांनी शेत, गोठा, दावं सगळंच विकून टाकलं आणि आता ते फार्महाऊसवाल्यांच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात.

मी स्वतः शेती केली नाही. नवरा भिवपुरीच्या वीजकेंद्रात नोकरीला होता, सगळा संसार तिथल्या क्वार्टरमध्ये झाला. तो निवृत्त झाल्यावर आम्ही पळसदरीला धरणाच्या अलीकडे तीन खोल्यांचं घर बांधलं. तो त्यात जेमतेम दोन उन्हाळे राहिला आणि गेला. घर माझ्यासाठी उरलं.

माझा उजवा कान लहानपणीच फुटून गेला होता. डावा अलीकडे जायला लागला. समोर बसून, तोंड दिसेल असं कोणी बोललं तर मला कळतं. पाठीमागून हाक मारली तर नाही. कानाला मशीन आहे, पण ते लावलं की सगळी भांडी डोक्यात पडल्यासारखी वाजतात, म्हणून ते कपाटात असतं. मुलगा डोंबिवलीला. त्याचं एकच पालुपद होतं: घर विकून टाक आणि इकडे ये. घराला गिऱ्हाईक शोधावं लागणार नव्हतंच. दर शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी कुंपणाशी गाडी थांबवून विचारायचंच.

मी नाही म्हणत राहिले. शेवटी तो म्हणाला, "आई, दारात कोण आलं-गेलं तुला कळत नाही. निदान एक चांगला कुत्रा ठेव. तोही ठेवणार नसशील तर दिवाळीनंतर मी काही ऐकणार नाही." मला पटलं. मला या घरात मरेपर्यंत राहायचं होतं आणि त्यासाठी दारात एक जोडी कान पाहिजे होते. गावठी पिल्लू कोणीही फुकट दिलं असतं, पण मुलाला ते चालणार नव्हतं. गावठी कुत्रं सगळ्या गावाचं असतं म्हणे. त्याने फोनवर जाहिरात शोधली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली पिल्लं, आईबाप चॅम्पियन, लसी झालेल्या, तब्येत ठणठणीत, राखणीला उत्तम. पत्ता खालापूर तालुक्यातला, कुंभिवलीहून थोडं आत. त्याला सुट्टी नव्हती. मी रिक्षा करून एकटीच गेले.

माणूस तिथलाच, जुन्या भातशेतकऱ्याच्या घरातला. बापाच्या खाचरात त्याने पत्र्याच्या शेड टाकल्या होत्या आणि भाताऐवजी कुत्री पिकवत होता. गोड बोलायचा. पहिल्या वाक्यापासून मी त्याची काकी झाले. पुढच्या जाळीत चार-पाच पिल्लं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. मी त्याला कशासाठी कुत्रा पाहिजे ते सगळं सांगितलं. एकटी राहते, ऐकू कमी येतं, कोणी आलं तर भुंकून सांगणारा पाहिजे. आपल्या माणसांत अडचण सांगितली की समोरचा सांभाळून घेतो, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

तो माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "थांबा काकी. तुमच्यासाठी येगळा हाय." आणि तो मागच्या शेडमध्ये गेला.

येताना त्याच्या हातात एकच पिल्लू होतं. एक डोळा काळा, एक निळा. "निळा डोळा बगितलात? हजारात एक असतो. लकी." मी पिल्लाची आई दाखव म्हटलं तर आई डॉक्टरकडे नेलीय म्हणाला. पावतीचं विचारलं तर हसला. "तुमी काय परक्या हाव का? मी कुटं पलून चाललोय? पाटवतो ना फोनवर." मी रोख पैसे दिले. पिशवीतून कर्जतच्या बाजारातून आणलेली नवी सुती दोरी काढली, पिल्लाच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि त्याच्या हातात ठेवला. पट्ट्याला पितळी बिल्ला होता, त्यावर त्याच्या केंद्राचं नाव आणि पिल्लाचा नंबर. "ऱ्हाऊ द्या की काकी," तो एकदाच म्हणाला. मी म्हटलं, "नको रे बाबा, तुझं दावं तुला." त्याने दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

घरी आल्यावर पिल्लाच्या पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, कपाळाला कुंकू लावलं. निळ्या डोळ्यात कुंकू जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने तो झाकला. नाव ठेवलं, पण ते इथे सांगत नाही. हाक मारून त्याचा कधी उपयोग झाला नाही.

ते बहिरं आहे हे कळणाऱ्यांत मी सर्वांत शेवटची. दूधवाला म्हणायचा, फार शांत कुत्रा आहे. मला वाटायचं, लहान आहे, मोठा झाला की भुंकेल. एक दिवस मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते, ते ओटीवर झोपलेलं होतं, आणि कोणीतरी दुपारच्या उन्हात फाटक उघडून, त्याला ओलांडून, माझा तांब्याचा हंडा उचलून नेला. शेजारीण म्हणाली, हंडा उंबऱ्याला केवढ्यानं आपटला, तिच्या घरापर्यंत ऐकू आलं. आमच्या घरात मात्र कोणाला ऐकू आलं नाही. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण आमच्याकडे तर कुत्र्यालाही पिठाचा पत्ता नव्हता.

कर्जतच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लाला टेबलावर बसवलं. मागून टाळी वाजवली. किल्ल्यांचा जुडगा हलवला. मग स्टीलचा ट्रे खाली फरशीवर आपटला. तो मलाही ऐकू आला. पिल्लू टेबलाचा कोपरा चाटत बसलं होतं. "मावशी, हे जन्मतःच आहे," डॉक्टर म्हणाले. "या जातीत असतं. निळ्या डोळ्याच्यात जास्त. बाकीची पिल्लं आवाज आला की उठतात आणि हे झोपलेलं राहतं. पाळणाऱ्याच्या ध्यानात येतंच."

मी तिथे बाकावर बसले आणि मला ते "थांबा काकी" आठवलं. पुढची पिल्लं सोडून तो मागे का गेला ते तेव्हा कळलं. जे कोणाच्या गळ्यात मारता येत नव्हतं त्याला अखेर घर मिळालं होतं. बहिरी बाई आली होती, तिला काय कळणार? मला आयुष्यात राग पुष्कळदा आला, पण असा राग नव्हता आला. त्याने मला नुसतं फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. त्याने मला निवडलं होतं.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी चहा दिला आणि ही दिवाणी बाब आहे म्हणून सांगितलं. कुत्रा ऐकत नाही अशी तक्रार घेऊन आलेली मी पहिलीच, असं आतला कोणीतरी म्हणाला असावा, कारण सगळे हसले. मग मी कर्जतच्याच एका वकिलांकडे गेले. तरुण, सभ्य माणूस, माझ्याकडे तोंड करून बोलायचा. त्याने सगळं समजावलं. माहीत असून खोटं सांगून विकलं म्हणजे फसवणूक, त्याचा फौजदारी अर्ज करता येतो, पण त्याला माहीत होतं हे सिद्ध करावं लागतं. पिल्लं विकण्याचा धंदा करायला नोंदणी लागते; ती नसेल तर पशुकल्याण मंडळाकडे तक्रार करता येते. आणि सरळ रस्ता म्हणजे ग्राहक आयोग, अलिबागला. कायद्याच्या हिशेबाने पिल्लू ही वस्तू. वस्तू सदोष निघाली तर बदलून मिळते, नाहीतर पैसे परत, आणि झाल्या त्रासाची भरपाई.

"आणि त्यानं मुद्दाम मला दिलं, त्याचं काय?" मी विचारलं.

"त्याचं वेगळं काही नाही काकू. ते फसवणुकीतच येतं."

अलिबागला जायचं म्हणजे आधी खोपोली, मग पेण, मग अलिबाग. तीन बस आणि एक दिवस. हल्ली मोबाईलवरूनही सुनावणी होते, असं तो म्हणाला आणि म्हणता म्हणता थांबला. मोबाईलवर मला काय ऐकू येणार, ते त्याच्याही लक्षात आलं. आधी नोटीस पाठवू, असं ठरलं.

नोटिशीचं उत्तर आलं. चोराच्या उलट्या बोंबा. असं पिल्लू आमच्याकडून गेलेलंच नाही. आमच्या प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात आमच्या नावाचा, नंबरचा पट्टा असतो आणि तो पिल्लाबरोबरच दिला जातो. अर्जदार बाईंनी तो पट्टा दाखवावा. वकिलाने विचारलं, पट्टा कुठे आहे? मी दाव्याची गोष्ट सांगितली. त्याने डोळे मिटून घेतले. जाहिरात फोनवरून केव्हाच उडाली होती. मुलाने जपून ठेवलेल्या फोटोत सगळी पिल्लं काळ्या डोळ्यांची होती.

मुलाला सगळं कळलं तेव्हा तो घरी आला. "पट्टा परत देऊन आलीस? आई, हे काय रेडकू होतं का?" मग जरा वेळाने, तोंड माझ्या समोर आणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "तूही बहिरी, कुत्रंही बहिरं. आता दिवाळीनंतर चल." बोलणं वाईट होतं आणि खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मी कोणाला न सांगता पिल्लू घेऊन पुन्हा कुंभिवलीला गेले. एव्हाना ते चांगलं मोठं झालं होतं, रिक्षात जेमतेम मावलं. तो माणूस शेडपाशी एकटाच होता. मला बघून दचकला नाही, उलट खुर्ची पुढे केली.

"काकी, भांडन कशाला? हा ठेवा इथं, दुसरा घेऊन जा. चांगला भुकनारा देतो. पन लिवून काय देनार नाय."

दुसरा घेतला असता तर माझं काम झालं असतं. भुंकणारा कुत्रा दारात, मुलाची अट पुरी, घर शाबूत. कायदाही मला याहून जास्त काही देणार नव्हता. मी विचारलं, "याचं काय करशील?"

"त्याचं मी बगतो."

"म्हणजे दुसऱ्या कोणा म्हातारीला देशील?"

त्याने खांदे उडवले. पाय धुवून, भाकरतुकडा ओवाळून घेतलेलं जनावर पुन्हा विकणाऱ्याच्या दारात बांधून यायचं, असं माझ्या घरात कोणी केलेलं नव्हतं. माझा हात दोरीवरून सुटेना. मी त्याला सरळ विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

तो हसला. माझ्या डाव्या बाजूला उभा होता, तोंड स्पष्ट दिसत होतं. म्हणाला, "तुमालाच ऐकू येत नाय काकी, मला वाटलं तुमाला काय कलनार."

मी तशीच कुत्र्याला घेऊन वकिलाकडे गेले. आता त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय म्हटलं. वकील पुढे सरकून बसला.

"ऐकलं कोणी?"

"मी."

"आणखी कोणी होतं?"

"कोणी नाही. मी ऐकलं ना."

तो उठला, मागच्या कपाटापाशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून फायली चाळत राहिला. मी त्याच्या पाठीकडे बघत वाट पाहत होते. कुत्रा माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता. वकील वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर होतं तेच होतं, आणि मला समजलं की त्याने आत्ता टाळी वाजवून बघितली.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

तो ओशाळला. "माफ करा काकू. समोरचा वकील हेच करणार. पहिल्या पाच मिनिटांत. म्हणून..."

"पण म्हणालात काय?"

"म्हणालो, सोडून द्या."

"ते मला ऐकू आलं नाही असं धरा," मी म्हटलं, "आणि अर्ज लिहा."

अर्ज अलिबागला दाखल झालाय. हरेन, हे मला माहीत आहे. वकिलालाही माहीत आहे, पण तो आता तसं म्हणत नाही. हंडा मिळाला नाही. कुत्रा अजून कोणावर भुंकलेला नाही. लोक येतात, त्याला ओलांडतात आणि मला हात लावून जागं करतात. दिवाळीला मुलगा रिकाम्या बॅगा घेऊन आला. मी त्याला अर्जाची प्रत दाखवली, पहिल्या पानावरच्या माझ्या पत्त्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं की केस चालू आहे तोवर अर्जदाराला पत्ता बदलता येत नाही. हे खरं नाही. मी वकिलाला विचारून घेतलं होतं, आणि हे खरं नाही ही गोष्ट आपल्या दोघांतच ठेवा म्हणून बजावलंही होतं. मुलाने बराच वेळ तो कागद वाचला आणि विचारलं, "किती वर्षं चालते अशी केस?"

मी म्हटलं, फार वर्षं चालते.

रिकाम्या बॅगा तो माळ्यावर ठेवून गेला. आजवर तीन तारखा पडल्या, तिन्ही वेळा समोरच्या बाजूने मुदत मागून घेतली. वकील हळहळतो. मी त्याला म्हणते, मागू दे.