पलंगातली दोन इंचांची पायरी

मल्लेश्वरममधल्या आमच्या घरात पलंगावर काथ्याची गादी होती. कडक गादी पाठीला चांगली, असं तेव्हा जो तो सांगे, म्हणून मी ती घेतली होती. ती इतकी कडक होती की तिच्यावर बसून उठलं तरी खळगा पडत नसे. बायकोला कुशीवर झोपायची सवय. तिचा खुबा आणि खांदा दुखायला लागला. सकाळी उठल्यावर ती आधी भिंतीला हात लावून उभी राहायची आणि मगच चालायची.

नवी गादी परवडणारी नव्हती. गादीवाल्यानं मार्ग सुचवला: आहे त्याच गादीवर दोन इंची फोम टाका. दोन इंचांत काय होणार, असं मला वाटलं होतं, पण दुकानात त्याच्यावर कोपर टेकवून पाहिलं आणि पटलं. पलंग पाच फूट रुंद. मी विचार केला, दुखतं तिला, कुशीवर झोपते ती, मी उताणा झोपतो. मग अडीच फूट पुरे. गादीवाल्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लांब सुरीनं फोम उभा कापून दिला.

खरं सांगायचं तर माझाही खांदा आखडत होता. ते मी हिशोबात धरलं नाही.

त्यावर ती झोपली आणि सकाळी भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरात गेली. मला फार बरं वाटलं. निम्म्या खर्चात काम झालं म्हणून जास्त बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

पलंगाच्या मधोमध पायरी झाली होती. पलंगपोस घातला तरी ती दिसायची. पण आमच्या खोलीत येतं कोण?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या. अशा वेळी पुरुषानं घरात असूनही नसल्यासारखं राहायचं असतं, म्हणून मी स्वयंपाकघरात कॉफीचे पेले भरत होतो. एकीचं तान्हं बाळ झोपलं, त्याला ठेवायला चौघीजणी आमच्या खोलीत शिरल्या. मधे नुसता पडदा होता. मला सगळं ऐकू येत होतं.

"हे काय गं, पलंगाला पायरी?"

"वरच्या मजल्यावर कोण राहतं?"

"आणि तळमजला भाड्यानं दिलाय का?"

हशा पिकला. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांबा, तिला बोलू तर द्या." त्यांचं माहेर कानडी, पण आमच्या गल्लीत राहून मराठी आमच्यासारखीच बोलायच्या; मधूनच 'स्वल्प' म्हणजे जरा, 'सरी' म्हणजे बरं, असा एखादा कानडी शब्द यायचा.

बायको म्हणाली, "ह्यांना मऊ चालत नाही, अक्का. लहानपणापासून फळीवर झोपायची सवय. मी म्हटलं, अख्ख्या पलंगाला घ्या, तर नकोच म्हणाले."

"सरी. तरीच," अक्का म्हणाल्या. "मला वाटलं, अण्णांनी मापच अर्धं घेतलं."

आता त्या आधीपेक्षा मोठ्यानं हसल्या. म्हणजे माझा स्वभाव गल्लीला पाठ होता. हातातला पेला भरून वाहिला तेव्हा मी भानावर आलो. कॉफी बाहेर न्यायची हिंमत होईना. ट्रे पडद्याजवळ ठेवला आणि हाक न मारता मागच्या दारानं अंगणात जाऊन उभा राहिलो.

सगळ्या गेल्यावर मी तिला विचारलं, "फळीवर कधी झोपलो मी?"

"मग काय सांगू? नवऱ्यानं अर्धाच आणला म्हणून?" ती हळदीकुंकवाचं तबक पुसत होती. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"उद्या उरलेला अर्धा आणतो."

"आता नको. आणलात तर मी खोटी पडेन. अक्का दिवसाआड येतात घरात."

"मग हाही काढून टाकूया."

"का? मला झोप लागते त्याच्यावर."

एवढ्यावर विषय संपला. तिची झोप तिला हवी होती, आणि तिचा शब्दही राहायला हवा होता. दोन्हींचा मेळ माझ्या खांद्यावरच बसत होता. मी काथ्यावर झोपत राहिलो. अक्का चारचौघांत भेटल्या की लोकांना कौतुकानं सांगायच्या, "आमचे अण्णा म्हणजे ऋषी, मऊ अंथरूण सोसत नाही त्यांना." मी मान हलवायचो.

एका रविवारी दुपारी बायको बाहेर पापड वाळत घालत होती. खांदा फार ठणकत होता. थोडा वेळ म्हणून मी तिच्या बाजूला कुशीवर पडलो. खांदा त्या फोममध्ये असा रुतला की डोळे कधी मिटले कळलंच नाही.

जाग आली ती अक्कांच्या आवाजानं. त्या डबा परत द्यायला आल्या होत्या आणि चपला काढून सरळ आत येत होत्या. मी उठणार, एवढ्यात बायको दारात दिसली. तिनं मला तिथं पाहिलं. माझ्या तोंडाला लाळ लागली होती, उशी तिची होती. तिनं पडदा नीट ओढून घेतला, दोन्ही टोकांपर्यंत.

"अण्णा झोपलेत का?" अक्कांनी विचारलं.

"छे. दुपारचं कुठे झोपतात ते? ऑफिसचं काम घेऊन बसलेत," ती म्हणाली. "चला, आपण बाहेर बसू."

अक्का अंगणात बराच वेळ बसल्या. पलंग कुरकुरू नये म्हणून मी कूससुद्धा बदलली नाही.