कनात वरून उघडी हवी

चालून दाखव म्हटल्यावर सुधा पलंगाची कड धरून उठली आणि बदकासारखी डुलत दोन पावलं चालली. मग भिंत धरून खाली बसली. मी लातूरची, ती आमच्या शेजारची. लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून पळायची, म्हणून मी तिला कितीदा रागावले होते.

निजामी अमदानीची ती शेवटची वर्षं. मी नांदेडच्या जनाना दवाखान्यात डॉक्टर होते. हदगावकडच्या एका देशमुखांनी मला न्यायला पडदे लावलेली दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, पाठवली होती. सुनेला वाताचा त्रास आहे, पाचवा महिना आहे, एवढाच निरोप. पहिलं मूल पोटातच गेलेलं.

मी कमरेची हाडं दाबली तशी ती कळवळली. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात, म्हणजे हाडं मऊ पडणं. अंगावर ऊन पडलं की कातडीत एक जीवनसत्त्व तयार होतं. ते असेल तरच दूधदुभत्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांत बसतो. नसेल तर हाडं अंगाच्या भारानं वाकतात, आणि बाळ ज्या हाडांच्या कड्यातून बाहेर येतं ते कडंही चेपतं. मला वाटायचं, हा उपाशी माणसांचा आजार. इथं रोज तूप वाढलं जात होतं. त्यांच्याच शेतात भाकरी-मिरचीवर राबणाऱ्या बायका मात्र ताठ चालत होत्या.

या घरात सुनांना गोषा होता. लग्नापासून सुधा माजघर, चूल आणि न्हाणीच्या बाहेर आली नव्हती. अशा स्त्रीला संस्कृतात असूर्यंपश्या म्हणतात, सूर्यही न पाहिलेली. शब्द कौतुकाचा आहे.

मी दोन औषधं सांगितली. एक कॉडलिव्हर ऑईल. दुसरं, सकाळी ऊन जरा चढलं की तासभर उन्हात बसणं. ते घर कांदा-लसूणही न खाणारं, म्हणून तेल माशाचं आहे हे सासूबाईंना, म्हणजे माईंना, स्पष्ट सांगितलं.

"तेल पाजू बाई. देव माफ करंल. उन्हाचं मात्र जमायचं न्हाई."

शेवटी मी तोड काढली. माळवदावर, घराच्या सपाट धाब्यावर, कनात लावा, चारी बाजूंनी कापड, वर मोकळं आभाळ. माई कबूल झाल्या. सुधा हसून म्हणाली, "ताई, मी काळी पडले तर हे दुसरी आणतील. मग तिलाबी तुम्हीच तपासा."

पुढे महायुद्धामुळे हैदराबादेहून तेल येईना. मी फारशी घाबरले नाही. ऊन होतंच.

सातव्या महिन्यात गेले, तर सुधाला रोज सकाळी उचलून वर नेत होते. कनात पट्ट्यापट्ट्यांची, नीट ताणलेली होती. मी आत शिरले. आत माजघराइतकाच अंधार होता. वरूनही कापड शिवलं होतं.

"वर कोण बघतंय माई?"

"सूर्यनारायण पुरुषच की," माई म्हणाल्या. "कुंतीचं काय झालं? तुम्ही तर शिकलेल्या हाव."

त्या थट्टा करत नव्हत्या. मी तिथंच उभी राहून वरचं कापड उसवून घेतलं. ऊन आत आलं तशी सुधानं डोळ्यांवर हात धरला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

काही आठवड्यांत तिचं दुखणं कमी झालं, ती जिना स्वतः चढू लागली. पण ऊन मऊ हाड घट्ट करतं, वाकलेलं सरळ करत नाही. पोट चिरूनच बाळ काढावं लागणार होतं, आणि त्यासाठी हैदराबादला नेणं भाग होतं. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सर्जन बाई आहे का?"

नव्हती.

मला बोलावणं आलं ते कळा सुरू होऊन फार वेळ झाल्यावर. मी पोचले तेव्हा सकाळ होती. सुधा गेली होती, बाळही पोटातच. सवाष्ण म्हणून तिला मळवट भरून, हिरवं लुगडं नेसवून अंगणात ठेवलं होतं. तोंड उघडं. अख्ख्या गावातले पुरुष एकेक करून दर्शन घेत होते. आलेल्यांना ऊन लागू नये म्हणून बाजूला तीच कनात बांधली होती, वरचं कापड पुन्हा शिवून. तिरडी तेवढी उन्हात होती.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत ज्या घरी मी ऊन सांगितलं, त्या घरी आधी वर जाऊन आले.