आखूड नळीची शिफारस

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आई तर आपला मुलगा थोडक्यात वाचला या समाधानातच गेली. एका माणसाला सांगितलं, तेही आत्ता, गेल्या महिन्यात. तेव्हापासून मला अशी गाढ झोप लागते की बायको विचारते, कसली गोळी सुरू केलीत का? तुम्ही दुसरे. अडखळलो तर समजून घ्या. गोष्टी रंगवून सांगायची मला दांडगी सवय आहे, पण खरं सांगायची नाही.

मी दुबईत शिकारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर असतो. खाली दुर्बिणी, सुऱ्या, तंबू, ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामडी टोप्या. वरच्या मजल्यावर रायफली. त्या इथले अरब लोक घेतात, रीतसर परवाना दाखवून. आम्ही नोकरांनी त्या पुसायच्या, दाखवायच्या आणि त्यांचं गुणगान करायचं. इथे वाळूत दाट रान कुठलं असायला! पण ही मंडळी थंडीत तुर्कस्तानात, पूर्व युरोपात रानडुकराच्या मागे जातात, खायला नव्हे, हौसेखातर, आणि जायच्या आधी येऊन विचारतात — गच्च झाडीत कुठली रायफल न्यावी? मग दुकानातले सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. “शिकारी को पूछो.”

शिकारी म्हणजे मी. जन्मात एक गोळी न झाडलेला माणूस. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

सल्ला मात्र मी चोख देतो, हे आधीच सांगून ठेवतो. दाट रानात जनावर दिसतं ते वीस-पंचवीस पावलांवर, आणि दिसतं क्षणभर. तिथे लांब पल्ल्याची नळी काय करायची? आखूड नळीची, वजनाला हलकी, खांद्याला चटकन लागणारी, झुडपातून वळवता येणारी रायफल हवी. वर दुर्बीण लावायचीच तर कमी ताकदीची, जिच्यातून आजूबाजूचं रानही दिसेल अशी. आखूड नळीचा आवाज कानठळ्या बसवतो, तेही सांगतो. यात खोटं काही नाही. मग खोटं कुठे आहे?

खोटं आहे ते पुढच्या गोष्टीत. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं, दोन्ही रायफली उचलून पुन्हा ठेवायला लागलं, की मी आवाज खाली आणतो आणि सांगतो — हबीबी, माझ्या गावी, कोकणात, मी लांब बंदूक घेऊन रानात बसलो होतो. डुक्कर समोर आलं. मी नेम धरायला गेलो आणि नळी वेलीत अडकली. एवढ्यात जनावर उलटलं आणि माझ्या भावाची मांडी फाडून गेलं. एवढं सांगून मी गप्प बसतो. गिऱ्हाईक आखूड नळीची रायफल घेतं. ही गोष्ट सांगूनच मला ही नोकरी मिळाली, आणि हीच गोष्ट सांगत मी शारजात अल मजाजला घर मांडलं, मुलीला शिकवलं. त्या मुलीने लहानपणी एकदा गोष्ट ऐकून विचारलं होतं, “बाबा, व्हाय डिडन्ट यू शूट बिफोर दॅट?” तिच्यावर मी असा खेकसलो की पुन्हा तिने कधी तो विषय काढला नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

आता खरं सांगतो. सांगतो म्हणतो आणि पुन्हा दुकानाकडेच वळतो, पाहिलंत ना? वर्षानुवर्षं हेच केलं.

आमची वाडी सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. वडील लवकर गेले. आईला आणि मला चुलत्याने, आबाकाकांनी, पोटाशी धरलं. बाळादादा त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आबाकाका भातशेतीची डुकरांपासून राखण करायला परवान्याच्या दोन बंदुका बाळगून होते — एक आजोबांच्या वेळची लांबलचक ठासणीची, दुसरी आखूड, काडतुसाची. राखणीच्या नावाखाली अधूनमधून शिकार व्हायची, नाही म्हणत नाही. एका बाजूने हाकेवाले डबे वाजवत, आरोळ्या ठोकत रान उठवत यायचे, आणि दुसऱ्या बाजूला बंदूकवाले जनावराच्या वाटेवर दबा धरून बसायचे. बसायच्या त्या जागेला आमच्याकडे बारी म्हणतात. बारीवर बसायला मिळणं हा मोठा मान. कॉलेजात जायला लागल्यावर मी आबाकाकांकडे हट्टच धरला.

त्यांनी मला लांब बंदूक दिली आणि बारीही निवडून दिली. करवंदीच्या जाळीबाहेर कातळ होता, आणि कातळापुढे पायवाट — मोकळी, सरळ, पार ओहोळापर्यंत दिसणारी. लांब बंदुकीला अशीच जागा लागते. स्वतः ते आखूड बंदूक घेऊन खाली गच्च झाडीत शिरले. म्हणजे कळलं ना? जे ज्ञान मी दुकानात स्वतःचं म्हणून पाजळतो, ते त्यांचं होतं, आणि त्या दिवशी त्यांनी ते अगदी बरोबर वापरलं होतं. बाळादादा हाकेवाल्यांत होता. धाकट्याला बंदूक मिळाली म्हणून एका शब्दाने कुरकुरला नाही. उलट जाताना माझ्या टाळक्यात टपली मारून म्हणाला, “माका मारू नको मेल्या.”

डुक्कर आलं. पायवाटेवरून, तोंड माझ्याकडे करून, सावकाश. मध्ये पानही नव्हतं. थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी — मी काहीच केलं नाही. बंदूक मांडीवर होती, ती मांडीवरच राहिली. मग एकदम मला काय झालं कोण जाणे, मी कातळावर चढायला लागलो. धडपडलो, दगड गडगडले. त्या आवाजाने जनावर बिचकलं आणि आल्या वाटेने उलटं फिरलं — हाकेवाल्यांच्या अंगावर. आणि बाळादादाची किंकाळी आली.

इथपर्यंत भित्रेपणा. भीती कुणालाही वाटते, असं मीच मला हजारदा समजावलं आहे. पण गुन्हा भीतीचा नाही. पुढचा आहे.

किंकाळी ऐकली आणि मी खाली उतरलो. धावलो का त्याच्याकडे? नाही. आधी बंदूक उचलली. करवंदीच्या जाळीपाशी गेलो, नळी आत खुपसली, दोन वेल ओढून तिच्यावर नीट गुंडाळले — हो, नीट — हाताला काटे लागले म्हणून जरा बेताने. दादा ओरडतच होता. ते झाल्यावर मग मी धावलो, “अडकली, अडकली, नळी अडकली” म्हणत.

ते डुक्कर पुढे आबाकाकांच्या समोरून निघालं आणि त्यांनी गच्च झाडीत, आखूड बंदुकीने, एका बारात पाडलं. वाडीला आणखी काय पुरावा हवा? आखूड बंदुकीने मारलं, लांब बंदूक अडकली. वेलीतून लांब बंदूक सोडवून आणली तीही आबाकाकांनीच. एकटे गेले, घेऊन आले. मला काही विचारलं नाही. चार माणसांत एवढंच म्हणाले, “चूक माझी. पोराच्या हातात लांब बंदूक द्यायला नको होती.”

संध्याकाळी डुकराचे वाटे पडले. बारीवर बसलेल्याला वाटा मिळतोच, नेम लागो न लागो, अशी आमची पद्धत. दादा गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात, काकू त्याच्याजवळ, आईने चूलसुद्धा पेटवली नव्हती. माझा वाटा पानात बांधून शेजारी घेऊन आले, त्यांनीच शिजवून वाढला. मी खाल्ला. भूक लागली होती.

दादा वाचला, पण पाय कायमचा आखडला. पोलीस भरतीची तयारी करत होता, ती गेली. आबाकाकांनी दोन्ही बंदुका ठाण्यात जमा केल्या. आणि दादाने बापाशी बोलणं टाकलं. लग्न झाल्यावर त्याच घरात वेगळी चूल मांडली. आबाकाका ओसरीवर बसले असले की हा मागच्या दाराने जायचा. मी तोवर दुबईला पळालो होतो. सुट्टीवर गेलो की दोघं माझ्याशी गोड बोलायचे, एकमेकांशी नाही. दादाच्या पोरांना मी चॉकलेटं वाटायचो आणि आबाकाकांना पाय चेपायचं तेल द्यायचो. वरून समजूत घालायचो, दादा, सोड आता! सांगा, काय म्हणावं अशा माणसाला? आबाकाका गेले तेव्हाही दादा त्यांच्याशी बोलत नव्हता.

ते गेल्यावर पुष्कळ दिवसांनी दुकानात एक गोष्ट घडली. नव्या सेल्समनला शिकवत होतो — बंदूक हातात आली की इकडचं तिकडचं बघण्याआधी तिचा घोडा बघायचा, चढवलेला आहे की उतरलेला. शिकारी माणूस हे झोपेतही करतो. आणि बोलता बोलता माझी जीभच अडखळली. ठासणीच्या बंदुकीचा घोडा मागे ओढून चढवल्याशिवाय बार उडत नाही; नेम धरायला गेलेला माणूस तो आधी चढवतो. मी चढवलाच नव्हता. वेलीतून बंदूक सोडवताना आबाकाकांच्या नजरेला पहिल्यांदा काय पडलं असेल? त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. बापाविना वाढलेलं पोर वाडीत भित्रं म्हणून ओळखलं जाऊ नये, म्हणून त्यांनी माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं. आणि त्यापायी स्वतःचा मुलगा गमावला. मी त्या सेल्समनला म्हटलं, यल्ला, चल, चहा घेऊन येऊ.

एवढं कळूनही गप्प राहिलो. तेही लिहून ठेवायला हवं.

गेल्या महिन्यात दादा आला. मीच व्हिसा काढला होता. म्हटलं, ये, समुद्र बघ, उंच इमारती बघ. एक दिवस दुकानात आणलं, स्टूल दिलं, कडक चहा दिला. तेवढ्यात एक तरुण अरब आला, वडिलांबरोबर पहिल्यांदाच डुकराच्या शिकारीला निघालेला. दोन रायफलींत अडलेला. आणि मी सवयीने, दादा तिथे बसलाय हे माहीत असून, तीच भावाची गोष्ट सुरू केली, उचलली जीभ लावली टाळ्याला. हिंदीतच बोलत होतो, त्यामुळे दादाला सगळं समजत होतं. मला वाटलं तो ओशाळेल. तो उठला. लंगडत काउंटरपाशी आला, मांडीवर हात ठेवला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, “वो भाई मैं. हमारा बाप ने इसको लंबा बंदूक दिया. बाप का गलती.” मला मदत करत होता हो तो! माझा माल खपावा म्हणून. त्या मुलाने छातीवर हात ठेवून वडील आहेत का विचारलं, आणि नाहीत म्हटल्यावर त्यांच्यासाठी अल्लाची दया मागितली. दादा खाली फरशीकडे बघत राहिला.

त्या संध्याकाळी दुबईहून शारजाला परत जाताना रस्ता नेहमीसारखा तुंबला होता. गाडी पुढे सरकत नव्हती, कुणाला दार उघडून जाता येत नव्हतं. मी समोरच्या ट्रकचे लाल दिवे बघत सगळं सांगितलं. वेल गुंडाळले तेही. वाटा खाल्ला तेही. दादाने मध्ये एकच विचारलं.

“घोडो वर होतो?”

“नाय.”

तो शिकाऱ्याचा मुलगा, त्याला माझ्याइतका वेळ लागला नाही. काचेबाहेर बघत म्हणाला, “म्हणजे आबांक तेव्हाच कळला.” मग तो रडला. माझ्यासमोर, तोंड न लपवता, मोठ्याने. बाजूच्या गाडीतली माणसं बघत होती. मीही रडलो, पण खरं सांगू? माझं रडणं सुटकेचं होतं. इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी. त्याचं रडणं वेगळं होतं. मी मोकळा झालो, आणि त्याला कळलं की ओसरीवर बसलेल्या माणसाला चुकवून तो उगाच इतकी वर्षं मागच्या दाराने गेला.

तो ठरल्यापेक्षा लवकर परत गेला. विमानतळावर मी त्याच्याकडे माफी मागितली नाही. नंतर वहिनीचा फोन आला बायकोला — दादा हल्ली पुढच्या दाराने ये-जा करतो, आणि ओसरीवर आबाकाकांच्या जागी जरा वेळ बसतो. तिला कारण माहीत नाही. माझ्या बायकोला आता हे वाचून कळेल.

काल दुकानात पुन्हा तोच प्रश्न आला, गच्च रानासाठी कुठली? आखूड नळीची घ्या, मी म्हटलं, आणि कारणं सांगितली — नळी, वजन, दुर्बीण. गिऱ्हाईक घुटमळलं. मालक लांबून म्हणाले, “अरे शिकारी, वो भाईवाला किस्सा सुनाओ ना.”

“वो खलास, अरबाब,” मी म्हटलं. “मैंने कभी गोली नहीं चलाई.”

ते हसले, थट्टा वाटली त्यांना. मी हसलो नाही. जागा मोकळी होती, नळी मोकळी होती, आणि घोडा मी चढवला नव्हता.