मिलिंदचा न झालेला नो-हिटर

सकाळी शारदावहिनींचा फोन आला तेव्हा मी बहारीनमधल्या अदलिया भागातल्या ऑफिसात नुकता टेकलो होतो. "भाऊजी, हे गेले…" एवढंच. मिलिंद झोपेतच गेला. त्याला महिना होत आला, पण मला रडू कमी आणि राग जास्त येतो. तो राग कशाचा, हे सांगायला एक बेसबॉलची मॅच सांगावी लागेल.

आम्ही दोघं अमरावतीचे. कॉलेजात तो चेंडू टाकणारा पिचर, मी फलंदाजामागे बसून तो झेलणारा कॅचर. बहारीनला एकाच कंपनीत लागलो, तो एसी टेक्निशियन आणि मी ऑफिसात, आणि शुक्रवारी कंपनीच्या टीममधून खेळायचो. मिलिंदला एकच वेड होतं, नो-हिटरचं. नऊ इनिंग पूर्ण व्हायला हव्यात आणि समोरच्या टीमला एकही हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर गाठलेला बेस, मिळता कामा नये. चार वाईट चेंडूंवर कुणी चालत बेसवर गेला, चालेल. आपल्याच माणसाने सोपा झेल सोडला, तरी चालेल. ती एरर, हिट नव्हे. अगदी धाव झाली तरी बिघडत नाही. हे सगळं तो जेवता जेवता, हातातली पोळी बाजूला ठेवून समजावून सांगायचा.

सखीरजवळच्या मैदानावर तो नो-हिटर हाताशी आला. शेवटची इनिंग, दोघं बाद, तिसरा गेला की मॅच संपली, आणि फलंदाजाने चेंडू उंच उडवला… थेट आमच्याच टीममधून खेळणाऱ्या डिपार्टमेंटच्या साहेबांकडे. त्यांना जागचं हलावंसुद्धा लागलं नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला आणि बाहेर पडला. "सन, यार, सन!" साहेब ओरडले. ऊन तर त्यांच्या पाठीवर होतं. हिट की एरर हे ठरवणारा स्कोअरर त्यांच्याच हाताखालचा. मान खाली घालून तो "हिट" म्हणाला. मी मास्क काढून भांडायला निघालो, तर मिलिंदने दंड धरला.

"राहू दे बे. व्हिसा रिन्यू व्हायचा हाय माहा. साहेबाच्याच हातात हाय थे."

"अबे, पन थे एरर होती!"

"मले काय मालूम नाई का? खलास. चाल."

पुढचा गडी त्याने तीन चेंडूंत बाद केला आणि साहेबांशी हात मिळवला. घरी लेकीने, प्रज्ञाने, विचारलं तेव्हा म्हणाला, "नाही बेटा, एक हिट झाली."

शोकसभेत साहेब उभे राहिले. "मिलिंद पिच्ड अ नो-हिटर. दॅट कॅच, आय ड्रॉप्ड इट," म्हणाले आणि डोळे पुसले. लोक त्यांच्या दिलदारपणाने हेलावले. मेलेल्याला न्याय द्यायला काय जातं! सभा संपल्यावर तोच स्कोअरर मला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "आता साहेबच बोलले, तर एरर धरून टाकू ना?" त्याच्या कानाखाली काढावीशी वाटली.

परवा वहिनींकडे गेलो. सगळं घर मिलिंदच्या व्हिसावर होतं, त्यामुळे आता गावी परतायची बांधाबांध चाललीय. कपाटावर त्याचा ग्लोव्ह तसाच होता, आकार टिकावा म्हणून आत चेंडू ठेवून रबराने बांधलेला. प्रज्ञाने तो खाली काढला.

"अंकल, इफ इट वॉज अ नो-हिटर, व्हाय डिड बाबा टेल मी नो?"

"तुम्हाला इथं राहता यावं म्हणून," मी म्हणालो.

तिने खोलीभर पसरलेल्या बॅगांकडे पाहिलं. मग त्यातल्या एकीत, कपड्यांच्या मधोमध जागा करून, ग्लोव्ह ठेवला आणि चेन ओढली.