बंदुकीला लावलेलं कुंकू

मंदी आली त्या साली दुबईत सगळंच बंद पडत होतं. क्रेना बंद, टॉवर अर्ध्यावर बंद, बँकवाल्यांनी फोन उचलणं बंद. अशात आमच्या अरबाबची नवी कोरी बंदूक बंद पडली, तर एवढा गहजब करायचं कारण नव्हतं. पण खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं, आणि माझं ड्रायव्हरच्या सीटवर आयतंच मिळालं.

अरबाब म्हणजे मालक. मी त्यांची गाडी चालवायचो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मास्तर चांगले होते म्हणून. पण गाडीनं मला कधी सर्टिफिकेट विचारलं नाही. ते विचारायला ऑफिसात मॅनेजर होता. पुण्याचा, भारी शिकलेला. मंदी आल्याबरोबर त्यानं कंपनी वाचवायला घेतली. आधी चहातली साखर बंद केली, मग चहा, मग चहा करणारा माणूस. नंतर त्याच्या लक्षात आलं की तीन ड्रायव्हरांत एक जास्त आहे.

"काका, टेन्शन घेऊ नका हं. अजून काही फायनल नाही," असं तो मला रोज सांगायचा. ज्याला टेन्शन द्यायचं नसेल तो माणूस रोज कशाला सांगेल?

नोकरी गेली की व्हिसा गेला, दुबईबाहेर उम्म अल कुवैनला कंपनीनं दिलेली खोली गेली. आणि गावात मी छाती ठोकून सांगून आलो होतो, परत येईन तो माझ्या मर्जीनं, कुणी हाकललं म्हणून नाही. तेवढी एकच कमाई माझी. ती त्या पुणेकराच्या हातात जायची वेळ आली होती.

मंदी आमच्यासाठी होती. अरबाबना थंडीत दोस्तांबरोबर परदेशी शिकारीला जायचं होतं, त्यासाठी युरोपातली नवी रायफल आली. लाकडी दस्ता असा गुळगुळीत की आरसा झक मारेल. ती आली नेमकी खंडेनवमीला. आता त्या दिवशी आमच्याकडे पान्ह्याला, विळ्यालासुद्धा हळद-कुंकू लागतं. गाडीची पूजा मी दरवर्षी करायचो आणि अरबाब दरवर्षी दुसरीकडे बघायचे. त्यांचा धर्म त्यांच्यापाशी, माझा माझ्यापाशी, बॉनेट दोघांचं. त्या दिवशी मला दाखवायला म्हणून त्यांनी बंदुकीची पेटी उघडली आणि फोन आला म्हणून बाजूला गेले. घरात खरंखुरं शस्त्र आलंय आणि आपण पान्ह्याची पूजा करून गप्प बसायचं? मी दस्त्यावर बोटभर हळद-कुंकू लावलं. चांगलं केलं. आजही तेच करीन.

दुसऱ्या दिवशी शूटिंग क्लबात चार दोस्त जमले. अरबाबनी नेम धरला, घोडा ओढला. टक. बस्स, टक. गोळी नळीतच बसून राहिली, सरकारी कारकुनासारखी. दुसरी घातली. टक. एक दोस्त म्हणाला, "हबीबी, हरणाला फोन करून बोलाव, त्यापेक्षा सोपं पडेल." सगळे हसले. अरबाब हसले नाहीत.

दुकानात गेलो. मॅनेजरही आला होता, तक्रार इंग्रजीतून करायला. सूटवाल्या सेल्समननं बंदूक हातात घेतली, दस्त्यावरचं कुंकू बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ही पावडर कसली? आत गेली असणार. यात आमचा दोष नाही, सर."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "काका! बंदुकीला कुंकू? अहो, वॉरंटी गेली ना! सॉरी म्हणा, विषय संपवा."

"सॉरी कशाची?"

"काका, प्लीज. सध्याचे दिवस कसे आहेत तुम्हाला माहितीये."

माहीत होतं. सॉरी म्हटलं की त्याचा तिसरा ड्रायव्हर ठरला. नाही म्हटलं तरी ठरलाच. मग म्हटलं, जायचंच तर मान ताठ ठेवून जाऊ.

"कुंकू दस्त्याला आहे. बिघाड आत आहे," मी सेल्समनला हिंदीत म्हणालो. "खोलो. अंदर हल्दी दिखाओ. दिखी तो मैं आज ही गाँव जाता."

"काका, आपण कुणासमोर बोलतोय?" मॅनेजर कुजबुजला.

अरबाबनी माझ्याकडे बघितलं, मग सेल्समनकडे. "यल्ला, खोलो."

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बोल्ट, म्हणजे मागचा लोखंडी दांडा, काढून उघडला. आत हळदीचा कण नाही. ग्रीस! कारखान्यातनं येतानाच भरलेलं, घट्ट, तपकिरी, वाळल्या काकवीसारखं. गोळीला टोचणारी सुई त्यात रुतून बसली होती. म्हणजे युरोपातल्या गोऱ्या साहेबांच्या कारखान्यानं पोटात ग्रीस कोंबलं तर ती क्वालिटी, आणि मी बाहेरून एक बोट टेकवलं तर पावडर!

"शिपिंगसाठी असतं हे, सर," सेल्समन म्हणाला. "नॉर्मल आहे."

"मी तेच म्हणत होतो," आमचा मॅनेजर म्हणाला. त्याला लाज देताना देवाचाही हात आखडला असावा.

बोल्ट धुतला, पुसला. क्लबात परत गेलो. पहिलीच गोळी अशी सुटली की मॅनेजर खाली वाकला. अरबाब खूश. मग दस्ता न्याहाळत थांबले. मिस्त्रीनं पुसताना तोही लख्ख केला होता.

"रफीक," ते म्हणाले. रफीक म्हणजे दोस्त, तिकडे सगळ्या कामगारांना हीच हाक. "वो लाल किधर? फिर लगाओ."

"नहीं अरबाब. वो साल में एक दिन. आज नहीं."

मॅनेजरनं डोळे मिटले. त्याच्या मते मी स्वतःच्या हातानं तिकीट काढलं होतं. माझ्याही मनात तेच आलं, खोटं कशाला बोलू. पण मुहूर्त काय मॉलमधला सेल आहे, मालक म्हणतील तेवढे दिवस चालवायला?

अरबाबनी बंदूक पेटीत ठेवली, झाकण लावलं. मग स्वतःच्या डोक्यावर टकटक करून दाखवत माझ्याकडे बोट केलं. "इसका सर पत्थर." आणि मॅनेजरला म्हणाले, "मेरा गाडी ये चलाएगा. खलास."

पुढच्या खंडेनवमीला मी गाडी धुवून ताट घेऊन आलो, तर बॉनेटवर बंदुकीची पेटी. उघडी. अरबाब पाठ फिरवून उभे, फोन कानाला. फोन लागलेला नव्हता, त्याचा दिवासुद्धा पेटला नव्हता, हे मला गाडीच्या आरशातनं दिसत होतं.

आधी गाडीला लावलं, मग बंदुकीला. मालक झाले म्हणून काय, नंबरानंच.