इन्शाल्लाशिवाय हनीफचाचा

कुणाच्याही घरी गेले की आधी एसीकडे बघायचं, मग माणसांकडे. खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, जुम्म्याच्या इस्त्रीच्या कुर्त्यातसुद्धा. कुणाला शिंक आली तर दोष फिल्टरला. आणि पुढच्या क्षणाबद्दल काहीही बोलायचं तर शेवटी इन्शाल्ला. "चहा होईल आता, इन्शाल्ला."

हे हनीफचाचा. मूळ रत्नागिरीचे, वय एकसष्ट. आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या बिल्डिंगचे एसी त्यांनी अठरा वर्षं सांभाळले. यंदा सेन्सर बसले आणि चाचांची नोकरी गेली. बिघाड आता मोबाइलवर कळतो. चाचांना तो जिन्यातूनच ऐकू यायचा.

व्हिसा टिकवायचा तर महिन्याभरात दुसरी नोकरी हवी होती. दीड तासावरच्या अल ऐन शहरातल्या एका शाळेला एसी सुपरवायझर पाहिजे होता. मुलाखत कॉम्प्युटर घेणार. अशा दोन मुलाखतींत चाचा आधीच नापास झालेले. शेरा एकच: उत्तरांत ठामपणा नाही.

मी शेजारची. त्यांनी मला जुनं रेकॉर्डिंग दाखवलं.

"अचानक बिघाड झाला तर दुरुस्त कराल?"

"इन्शाल्ला."

"रोज वेळेवर याल?"

"इन्शाल्ला."

मी कपाळावर हात मारला. "चाचा, येस म्हणा. मशीनला वाटतं, तुम्ही टाळताय."

"गो मिहिका, उद्याचा मालक मी आहे काय?"

"मशीनला तसं वाटू दे."

"त्याला सांग, तूपण नाहीस. लाइट गेली की तूपण खलास."

तरी आठवडाभर सराव केला. चाचा येस म्हणत आणि लगेच चोरासारखे वर बघत. आतून त्यांच्या बायकोचा, मरियमबींचा आवाज येई, "छत्तीस वर्षांत मला एकदा तरी येस म्हणालात काय?"

मुलाखतीला माझाच लॅपटॉप घेतला. अकरा प्रश्न, अकरा येस. प्रत्येक उत्तरानंतर चाचा आधी रेकॉर्डिंग बंद करत, मग हळूच इन्शाल्ला म्हणत. शेवटी मशीनने विचारलं, आणखी काही सांगायचंय?

"येस. या लॅपटॉपचा पंखा घासतोय."

मी कान लावला. खरंच घासत होता.

नोकरी मिळाली. व्हिसाचे नऊ दिवस उरले होते.

निघायच्या सकाळी ते माझं पुस्तकांचं शेल्फ भिंतीला लावायला आले. दोन स्क्रू बसले आणि खाली शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"उरलेले दोन स्क्रू रविवारी येऊन लावतो."

"नक्की ना, चाचा?"

"येस."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. चार रविवार झाले. शेल्फ दोन स्क्रूंवर आहे, पुस्तकं जमिनीवर.